मुलुंडचे कर्नल

मुलुंडला ज्या सोसायटीत मी नोकरीला जायचे, तिथला वॉचमन आमच्या सरांना सॅल्यूट ठोकायचा. बाकी कुणालाच नाही. सेक्रेटरीला तर तो खुर्चीतून न उठता नुसती मान हलवायचा. त्याचं कारण असं की सर दिवसभर तळमजल्याच्या गॅलरीत उभे राहून आपल्या बटणांच्या फोनवर मोठमोठ्याने बोलायचे, आणि त्या बोलण्यात "नवा कर्नल आला," "जुन्या कर्नलला तोड नव्हती," "कर्नलमध्ये घुसखोरी झालीय" असलं काहीतरी सतत चाललेलं असायचं. वॉचमनचा मोठा भाऊ फौजेत होता. त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं की हे साहेब लष्करातून निवृत्त झालेले बडे अधिकारी आहेत, आणि अजून तिकडच्या बदल्याबढत्या यांना विचारूनच होतात.

लिनक्स नावाची जी कम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, एवढं साधं त्याला कुणी सांगितलं नाही. सरांनी तर नाहीच नाही. सर तो सॅल्यूट घ्यायचे. हात वर न करता, हनुवटी जराशी खाली आणून, सराईत अधिकाऱ्यासारखा. काकू, म्हणजे सरांची बायको, एकदा म्हणाल्या, "अहो, त्याला खरं सांगून टाका ना."

"मी कुठे खोटं बोललोय?" सर म्हणाले.

सर एक न्यूज साइट चालवायचे. लिनक्स आणि ओपन सोर्स, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणीही बघावा, वापरावा, बदलावा, वाटावा अशी मुभा असते, त्या सगळ्या जगाच्या बातम्या मराठीत. कुठली नवी आवृत्ती आली, कुठल्या कंपनीने कुणाला गिळलं, कुणी लायसन्स बदललं. बातम्या मी लिहायचे आणि त्याखाली सर भाष्य करायचे. भाष्यासाठी त्यांच्याकडे तीन शब्द होते: गद्दार, विकलेला आणि भाबडा. कंपनीत नोकरी करणारा प्रोग्रामर गद्दार, कंपनीची मदत घेणारा प्रकल्प विकलेला, आणि यातलं काहीच न करता घरी बसून काम करत राहणारा तो भाबडा. चौथ्या प्रकारचा माणूस जगात एकच होता, आणि तो भाष्य लिहायचा.

त्यांनी स्वतः कोड लिहिल्याचं मी कधी पाहिलं नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कधीकाळी ते कम्प्युटर विभाग सांभाळत होते, तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "कोड लिहिणारे ढीगभर आहेत. कोडची सदसद्विवेकबुद्धी कुणीतरी सांभाळायला नको?"

आमचे बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर आम्ही राहतो त्या जोगेश्वरीतच एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन म्हणून लागले. मी काय काम करते हे त्यांना समजावण्यात माझे कित्येक रविवार गेले. एकदा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लोका फुकट काम करतत, आणि तुझो सायेब तेंका गाळी घालता. ह्येका धंदो म्हणतत?"

मी म्हटलं, हो, साधारण असंच.

हा "फुकट" शब्द आमच्या ऑफिसात उच्चारायची सोय नव्हती. कुणी बोललं की सर खुर्ची मागे सारून उभे राहायचे. "फुकट नाही! मुक्त! फुकट म्हणजे लग्नातलं जेवण. मुक्त म्हणजे माणूस!" कुरिअरवाल्याला, दूधवाल्याला, एकदा तर पत्ता विचारायला आलेल्या बाईला त्यांनी हा फरक समजावला होता. ती बिचारी "कितवा मजला?" एवढंच विचारत होती.

ऑफिस म्हणजे त्यांच्या फ्लॅटची पुढची खोली. माझ्या कम्प्युटरवरची लिनक्सची आवृत्ती ते दर थोड्या दिवसांनी बदलायचे. जुनीत काही बिघडलेलं नसायचं. पण ती बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी कुठेतरी काहीतरी बोललेलं असायचं. मी सकाळी येऊन बघावं तर माझा सगळा संसार गायब. प्रिंटर कधी चालायचा, कधी नाही, आवाज यायचा तर इंटरनेट जायचं. तक्रार केली की म्हणायचे, "सोय हवीय की स्वातंत्र्य?" मी मनात म्हणायचे, सर, प्रिंटआउट हवीय.

दर जानेवारीला साइटवर एकच मोठा लेख यायचा. यंदाचं वर्ष लिनक्सचं, यंदा प्रत्येक घरातल्या टेबलावर लिनक्स पोचणार. मला रुजू झाल्यावर पहिलं काम मिळालं ते हेच: गेल्या वर्षीचा लेख काढ, साल बदल, दोन विशेषणं वाढव. दुसऱ्या जानेवारीला त्यांनी सांगायच्या आत मी साल बदलून ठेवलं. सर खूश झाले. म्हणाले, "तुला आता विषयाची जाण यायला लागलीय."

स्मार्टफोनला ते "हेर" म्हणायचे. तत्त्वासाठी त्यांनी तो आयुष्यात हातात धरला नाही, असं ते प्रत्येक भाषणात सांगायचे, आणि ते अक्षरशः खरं होतं. धरायच्या काकू. घरचा गॅस, लाइटबिल, औषधं, डॉक्टरची वेळ, मुलीशी परदेशात व्हिडिओवर बोलणं, सगळं काकूंच्या फोनवरून. काकू राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या, गप्प बाई. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता त्यांना हाक यायची, "अगं, तुझ्या हेराला विचार, सिलिंडर कुठवर आलाय!" काकू हात पुसायच्या, फोन बघायच्या, "चेकनाक्याला" म्हणायच्या आणि पुन्हा विळीवर बसायच्या. सर माझ्याकडे वळून समाधानाने म्हणायचे, "बघ, माझं काही अडतं का?"

मुलुंड चेकनाक्यावर एकदा आम्ही उभे होतो, अंधेरीला एका सभेला जायचं होतं. रिक्षावाले नाही म्हणत होते. सर बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले, मग घसा साफ करून मला म्हणाले, "तुझ्याकडे तो आहेच, तर..." मी फोनवरून गाडी बोलावली. सभेत त्यांनी अशा गाड्यांच्या ॲपवर अर्धा तास आग ओकली आणि टाळ्या घेतल्या. परत येताना पुन्हा म्हणाले, "तुझ्याकडे तो आहेच, तर..."

त्या पुढच्या खोलीत एक भिंत होती. जे सॉफ्टवेअर प्रकल्प कंपन्यांनी विकत घेतले किंवा ज्यांनी लायसन्स बदलून कोडची मुभा काढून घेतली, त्यांची बोधचिन्हं सर रंगीत छापून आणायचे, फ्रेम करायचे आणि त्यांना चंदनाचा हार घालून भिंतीवर टांगायचे. साइटवर त्याच दिवशी "श्रद्धांजली" या सदरात तो फोटो, हार आणि मजकूर. काही बोधचिन्हं प्राण्यांची होती. एक हत्ती, एक कोल्हा, एक कसला तरी मासा. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाने चपला काढून त्या भिंतीला नमस्कार केला.

आणि सोसायटीच्या नोटिशीचं प्रकरण. सेक्रेटरीच्या केबिनमधला कम्प्युटर सरांनी आग्रहाने लिनक्सवर नेला. "क्रांती सोसायटीच्या दारात" अशी बातमी मी लिहिली. त्यानंतर पहिलीच नोटीस छापली गेली ती पाणी बंद असल्याची. प्रिंटरने कागदाची उजवी कड खाल्ली. "नाही" हा शब्द नेमका कडेला होता. तो गेला. सगळ्या मजल्यांवर नोटीस लागली: "उद्या दिवसभर पाणी येणार." लोकांनी निर्धास्तपणे बादल्या उपड्या घालून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या कामतीणबाई केस शिकेकाईने माखलेल्या अवस्थेत थेट आमच्या दारात. "ओ, काय केलंत हे?"

सर शांत. "मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला तर ओरडायचं नसतं. रिपोर्ट करायचा असतो."

"कुठे करू रिपोर्ट? तुमच्या बाथरूममध्ये?" आणि बाई खरोखरच आत शिरल्या. काकूंनी भरून ठेवलेली बादली त्यांना दिली. संध्याकाळी सेक्रेटरीने कम्प्युटर होता तसा करून घेतला, आणि सरांनी आमच्याच सोसायटीवर भाष्य लिहिलं. शब्द होता, "विकलेली".

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. मीही नेत होते. घरी जाऊन नकला करायचे.

मग संघमित्राचं झालं.

संघमित्रा घाटकोपरची. सगळे तिला मित्रा म्हणायचे. वडील बेस्टमध्ये होते, आई पालिकेच्या बालवाडीत शिकवायची, मूळ कुटुंब वाशीमकडचं. तिच्या आडनावात मराठीचा तो खास अर्धा र येतो, "वऱ्हाड" मधला. कॉलेजात असताना कम्प्युटरवर तिचं आडनाव नेहमी तुटून दिसायचं. वैतागून तिने स्वतःच कोडचा एक छोटा तुकडा लिहिला, जो मराठीची जोडाक्षरं स्क्रीनवर नीट जुळवतो, आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. तुकडा चांगला निघाला. हळूहळू तो सगळीकडे शिरला. वर्तमानपत्रांची ॲप, शाळेची पुस्तकं, बिलं, तिकिटं. तुम्ही मोबाइलवर "दुसऱ्या" हा शब्द धड वाचला असेल तर त्यात मित्राचा हात असण्याची शक्यता बरीच होती. आणि हे सगळं ती नोकरीवरून घरी आल्यावर, शनिवार-रविवारी, एकटी सांभाळत होती. तिला जगभरातून मेल यायचे. आभाराचे कमी, "अजून दुरुस्त का नाही केलं?" असे जास्त.

सरांना तिचं फार कौतुक. प्रत्येक सभेत तिला स्टेजवर बसवायचे. "ही आमची वीरांगना! एका कंपनीच्या दारात गेली नाही!" मित्रा खाली बघून हसायची. मला चहाच्या वेळी म्हणायची, "यार, वीरांगना वगैरे ठीक आहे, कुणीतरी दोन बग सोडवायला घ्या ना." तिने मदतीसाठी जाहीर आवाहनही केलं होतं, वर्षभर ते तिच्या प्रकल्पाच्या पानावर होतं. आम्ही त्याची बातमी केली, "वीरांगनेची हाक". सरांनी भाष्य लिहिलं. मदतीला कुणी गेलं नाही. सरही नाही.

त्याच सुमाराला तिच्या वडिलांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. मित्राने एका मोठ्या परदेशी कंपनीची नोकरी घेतली. आईवडिलांचा विमा मिळणार होता, आणि मुख्य म्हणजे तिने तिचंच काम करावं, तेही दिवसाउजेडी, असं कंपनीने लिहून दिलं होतं. कोड होता तसाच सगळ्यांसाठी खुला राहणार होता. तिने आनंदाने जाहीर केलं की आता प्रकल्पाला पूर्ण वेळ देता येईल.

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला. मला म्हणाले, "श्रद्धांजली घे."

"कुणाची?"

"तिची."

"सर, प्रकल्प तर चालूच आहे."

"प्रकल्पाची नाही. तिची. स्टेजवरचा फोटो आहे ना, तो घे. हार लाव."

मला वाटलं थट्टा करतायत. "सर, ती जिवंत आहे."

"तेच तर दुःख आहे," सर म्हणाले.

मी नाही म्हटलं. स्पष्ट. म्हटलं, हे मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नका, तिच्या घरी आजारी माणूस आहे. ते म्हणाले, तू भाबडी आहेस. मी पर्स उचलून घरी गेले. मग त्यांनी स्वतः बसून ते केलं. मित्राचा हसरा फोटो, त्यावर हार, खाली दोन समया. नावाच्या आधी "कै." आणि खाली एकच ओळ: "एक तेजस्वी आयुष्य अकाली संपलं." रूपक वगैरे कुठे काही लिहिलं नव्हतं.

ते पान सकाळपर्यंत तिच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं. देवनारची मावशी रिक्षाने रडत रडत घाटकोपरला आली, आणि दार मित्रानेच उघडलं. मावशी तिथेच मटकन बसली. पण ते त्यातल्या त्यात बरं. वडील त्या वेळी हॉस्पिटलात मशीनवर होते. वाशीमच्या चुलतभावाने त्यांना फोन केला आणि म्हणाला, धीर धर. सुया टोचलेल्या, मशीन चालू, माणसाला उठता येत नाही. ते मित्राला फोन लावत राहिले आणि मित्राचा फोन सतत एंगेज, कारण सगळं वाशीम तिलाच फोन करून ती आहे का ते बघत होतं.

त्याच दुपारी मित्रा आणि तिची आई मुलुंडला आल्या. मी ऑफिसात होते, लिहिलेला राजीनामा द्यायला आले होते. सरांनी उठून स्वागत केलं. त्यांना खरंच वाटलं की चर्चेला आल्या आहेत.

"या, या. मतभेद असले तरी संवाद हवा."

मित्राची आई उभीच राहिली. भिंतीकडे बघितलं. हत्ती, कोल्हा, मासा, सगळ्यांचे हार बघितले. मग म्हणाली, "माझी पोरगी कुठे लावणार होतात यात?"

"ताई, ते रूपक होतं."

"काय होतं?"

"रूपक, आई," मित्रा म्हणाली. "म्हणजे खरं नसलेलं."

"मग ते माझ्या नवऱ्याला जाऊन सांगा. मशीनवर पडल्या पडल्या त्याला नाही कळलं." तिचा आवाज वर गेला नव्हता. "आणि आम्ही कैलासवासी लिहीत नाही हो. मेल्यावरसुद्धा नाही. एवढी वर्षं पोरीला स्टेजवर बसवलंत, एवढं तरी माहीत करून घ्यायचं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता माफी मागतील. आतून काकू पाण्याचे ग्लास घेऊन आलेल्या, त्याही दारात तशाच थांबल्या होत्या. त्यांनाही तेच वाटलं असावं. आम्ही सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

सर म्हणाले, "व्यक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण समाजाची वस्तू कंपनीच्या दावणीला बांधली गेली, हे सत्य आहे की नाही?"

काकू ग्लास टेबलावर ठेवून आत निघून गेल्या.

मित्राचा चेहरा मी बघत होते. राग नव्हता, असलाच तर संपून गेला होता. ती माझ्या कम्प्युटरकडे आली. "जरा उठ गं," म्हणाली. बसली, लॉगिन केलं.

"सर, तुमचा आयडी सांगा."

"कशाला?"

"प्रकल्प तुमच्या नावावर करते. समाजाची वस्तू समाजाकडे राहू दे. वर्षभर बोलावत होते, कुणी आलं नाही. तुम्ही सांभाळा."

मी म्हटलं, "मित्रा, वेडी आहेस का?"

"नाही गं. मोकळी होतेय," ती म्हणाली.

सरांनी आयडी सांगितला. मला आजही आठवतं, छाती काढून सांगितला. मित्राने दोन-तीन कळा दाबल्या, प्रकल्प वापरणाऱ्या सगळ्यांना मेल जातो त्या मेलिंग लिस्टवर चार ओळी टाकल्या, आणि उठली. आई तिला म्हणाली, "चल. तुझ्या बापाला एकटं ठेवलंय."

दोघी गेल्यावर मी ते श्रद्धांजलीचं पान काढून टाकलं. सरांनी हरकत घेतली नाही, कारण ते तेव्हा "जबाबदारीचा स्वीकार" या मथळ्याचा लेख लिहीत होते. संध्याकाळी त्यांनी तिच्याबद्दल खुलासाही टाकला. तो मला तोंडपाठ आहे: "संबंधित व्यक्ती तांत्रिकदृष्ट्या हयात आहेत. आमचं मत कायम आहे."

राजीनामा मी पर्समध्येच ठेवला. खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं.

बघण्यासारखंच होतं. पहिल्या आठवड्यात सरांनी प्रकल्पासाठी जाहीरनामा लिहिला. दुसऱ्या आठवड्यात आचारसंहिता. मग तक्रारी यायला लागल्या. मोबाइलची एक नवी आवृत्ती बाजारात आली आणि तिच्यावर तो अर्धा र पुन्हा तुटला. "दुसऱ्या"चे दोन तुकडे, "तऱ्हा"चे दोन तुकडे. वर्तमानपत्रवाल्यांचे मेल, शाळावाल्यांचे मेल. लोकांना नावं बदललेली कळत नाहीत, ते मित्राला जसे लिहायचे तसेच सरांना लिहू लागले. "अजून का नाही केलं?" "झोपलात का?" "किती बेजबाबदार आहात."

सर लालबुंद व्हायचे. "माझ्याशी ही भाषा? मी काय यांचा नोकर आहे?" प्रत्येकाला ते पानभर उत्तर लिहायचे, मुक्त म्हणजे काय इथपासून सुरुवात करून. कोड त्यांनी एकदा उघडला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "फार वैयक्तिक शैलीत लिहिलाय," आणि बंद केला.

आणि उत्तर समोर येऊन पडलं होतं! मित्राने ती दुरुस्ती स्वतः करून, रीतसर, चारचौघांसारखी पाठवली होती. सरांनी फक्त एक बटण दाबायचं होतं. त्यांनी उत्तर लिहिलं: कंपनीच्या ईमेलवरून आलेलं योगदान तत्त्वतः स्वीकारता येत नाही. मित्राने ते वैयक्तिक ईमेलवरून पुन्हा पाठवलं. सरांनी लिहिलं: हात तोच आहे.

मुक्त कोडची एक सोय असते. घरात पटेनासं झालं की कुणीही कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नसतं. लोकांनी मित्राची मनधरणी केली. तिने चूल मांडली, नवं नाव दिलं, तुटलेला र जोडला. आता दिवसा काम करायची, तेव्हा काम भरभर व्हायचं. दोघंचौघं मदतीलाही आले. बघता बघता सगळे तिकडे गेले, वर्तमानपत्रं, शाळा, तिकिटं. कुणी निषेध केला नाही, घोषणा केली नाही. सरांना "फुटीरांनो, सावधान" असा अग्रलेख लिहायचा होता, पण वाचायलाच कुणी उरलं नव्हतं.

मी त्याच सुमाराला नोकरी सोडली. निघायच्या आधी शेवटचं काम केलं. आमच्या साइटचा स्वतःचा मथळाही तुटका दिसत होता, वाचकांचे मेल येत होते. मी साइट गुपचूप मित्राच्या नव्या कोडवर नेली. मथळा झकास दिसायला लागला. सर म्हणाले, "बघ, थोडा धीर धरला की आपोआप सुधारतं."

मित्राचे वडील दोन पावसाळे काढून गेले. मी घाटकोपरला भेटायला गेले होते. सर आले नाहीत, पण काकू आल्या होत्या, एकट्या. मित्राच्या आईशेजारी बराच वेळ बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. जाताना मित्राच्या आईने त्यांना रिक्षापर्यंत सोडलं.

परवा गोरेगावला दिंडोशीजवळ एका कॉलेजात ओपन सोर्सवाल्यांचा मेळावा होता. मी आता दुसरीकडे लिहिते, बातमीसाठी गेले होते. चहाच्या रांगेत सर दिसले. वाळले होते, पण आवाज तोच. गळ्यातल्या ओळखपत्रावर छापील नावाखाली त्यांनी पेनाने लिहिलं होतं: "मुख्य देखभालकर्ता". कॉलेजची दोन पोरं आदराने ऐकत होती आणि सर त्यांना मुक्त आणि फुकट यातला फरक सांगत होते.

मला बघून थांबले. "काय गं, काय म्हणते तुझी मैत्रीण?"

"बरी आहे, सर. खूप काम आहे तिला."

"तक्रारी येतात म्हणे खूप."

"हो, सर. रोजच. ढीग असतो."

"बघ!" ते त्या पोरांकडे वळले. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. "आणि आमच्याकडे? मूळ प्रकल्प अजून मी सांभाळतो. वर्ष होऊन गेलं, जगभरातून एक तक्रार नाही. एकसुद्धा नाही. याला म्हणतात देखभाल."

त्यातल्या एका पोराने ते वहीत लिहून घेतलं.